‘तिसरी सही’चे तेवीस महिने : डिचोलीतल्या सोप्यापासून टीव्हीपर्यंत

गेल्या काही दिवसांत चार जणांनी फोन करून मला एकच गोष्ट विचारली. टीव्हीसाठी टेलिफिल्म करायची तर सुरुवात कुठून करायची? चौघेही जत्रेतल्या नाटकांत काम करणारे, चौघांच्याही हाताशी संहिता तयार, आणि पुढचं काहीच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिथेच उभी होते. म्हणून ‘तिसरी सही’ ही माझी टेलिफिल्म कशी झाली ते सगळं तारखांसह लिहून ठेवते आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीची. एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गेली अठरा वर्षं गावच्या जत्रेसाठी एकांकिका लिहिते. कॅमेऱ्याशी कधी संबंध आला नव्हता.

१९ सप्टेंबर २०२३ ला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. आदल्या दिवशी, तयेला, आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट बांधायला माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र, असे तिघेच असतात. शाळेपासूनचे मित्र. एक भाऊजी बोटीवर असतात, दुसऱ्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. मी आत नेवऱ्यांचं सारण भाजत होते. वर्कशॉपवाले भाऊजी स्टुलावर चढून सुपारीचे घोस बांधत होते आणि वरूनच म्हणाले, ‘‘मी घरी आलो काय नि गेलो काय, कोणाला फरक पडत नाही.’’ खाली एकदम शांतता. मग माझ्या नवऱ्याने खालून चिबूड वर दिलं, ‘‘हे जड आहे, दोन गाठी मार.’’ आणि बोटीवरच्या भाऊजींनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. इतकंच. कोणी काही विचारलं नाही, कोणी समजूत घातली नाही. पण मी दारातून पाहिलं तेव्हा स्टूल धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

(हे इथे लिहू का, असं भाऊजींना विचारूनच लिहिलं आहे. या विचारण्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.)

त्या रात्री वहीत एक ओळ लिहिली : हे तिघे एकमेकांसाठी काहीही करतील, पण घरचं बोलायची वेळ आली की चिबूड पुढे करतील. तिथून गोष्ट सुरू झाली. तीन मित्र, तिघांच्या संसारात तीन तऱ्हेच्या भेगा, आणि रोज संध्याकाळी तावेर्नातलं, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानातलं तेच कोपऱ्यातलं टेबल. त्यातल्या एकाला कर्ज फेडण्यासाठी बायकोच्या नकळत वडिलोपार्जित प्लॉट विकायचा आहे आणि उरलेले दोघे त्याला मदत करायला निघतात. विनोदीच लिहायची, हे पहिल्यापासून ठरलं होतं. माझ्या ओळखीचे पुरुष दुःख सांगतात ते हसतहसतच, त्यामुळे दुसरं काही खोटं वाटलं असतं.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत ९६ पानं झाली. नाट्यस्पर्धेतल्या एका जाणकारांनी वाचून सांगितलं, पडद्यासाठी लिहिताना ढोबळ हिशेब एका पानाला एक मिनिट असा धरायचा. तासाभराच्या टेलिफिल्मसाठी तीस पानं जायला हवीत. महिनाभर मी नुसती कापत होते. नाटकात पात्र बोलून दाखवतं ते इथे एका नजरेत होतं, हे हाताला कळायला तेवढा वेळ लागला.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोप्यावर वाचन ठेवलं. आमच्या नाटकमंडळींपैकी पाच जण आणि नवऱ्याचे दोन मित्र आले. बोटीवरच्या भाऊजींची बायकोही आली. वर्कशॉपवाल्या भाऊजींची बायको तेव्हा पेडण्याला माहेरी होती, तीन महिने होऊन गेले होते. मी नावं बदलली होती, धंदे बदलले होते. तेवढं पुरे होईल असं मला वाटलं होतं.

पहिला अर्धा तास सगळे खदखदून हसले. बोटीवरचा मित्र नऊ महिन्यांनी घरी येतो आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरतो, या प्रसंगावर त्यांची बायको म्हणाली, ‘‘चावी खिशात असते, तरी हे बेल वाजवतात. दर वेळी.’’ भाऊजी हसले, मग थांबून म्हणाले, ‘‘खरंच वाजवतो?’’ ती बेल मी तिथल्या तिथे समासात लिहून घेतली.

मग तो प्रसंग आला. एक मित्र दुसऱ्याला सांगतो, माझ्या वतीने तूच माझ्या बायकोला फोन कर. दोन ओळी वाचून होतात तोच वर्कशॉपवाले भाऊजी उठले आणि बाहेर अंगणात गेले. नवरा त्यांच्यामागून गेला. आम्ही आत बसून राहिलो. खिडकीतून दिसत होतं, दोघे विहिरीच्या काठाला टेकून उभे होते, बोलत नव्हते. जवळजवळ अर्धा तास. परत आल्यावर भाऊजी मला एवढंच म्हणाले, ‘‘वहिनी, ते पान काढ.’’

मी काढलं. घरी तसा फोन खरोखर झाला होता आणि तो माझ्या नवऱ्यानेच केला होता, हे मला त्या रात्री कळलं. माझ्या डोक्यातून आलेला प्रसंग त्यांच्या आयुष्यातून गेला होता. मी दोन आठवडे संहितेला हात लावला नाही. लोकांच्या संसारावर आपण लिहायचं का, हा प्रश्न तेव्हा खूप छळत होता आणि त्यावर आमच्या घरात वादही झाला.

शेवटी मे महिन्यात कदंबच्या बसने पेडण्याला गेले. संहिता सोबत नेली. ती मला आत बसवून पन्हं घेऊन आली, मग पडवीत बसून सगळी पानं सलग वाचली. मी समोर बसून होते. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘‘ताई, त्याला वाईट दाखवू नका. आणि मला रडताना दाखवू नका.’’ थोड्या वेळाने पुढे म्हणाली, ‘‘मी भांडून नाही आले. दमून आले.’’

परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा पाहिलं, माझ्या ६६ पानांत तीन पुरुषांना पानंच्या पानं होती आणि तिन्ही बायकांना मिळून अकरा वाक्यं. मित्रांची गोष्ट म्हणता म्हणता बायकांच्या वाट्याला नुसतं दार उघडणं आणि दार लावणं आलं होतं. जूनभर दुसरा खर्डा लिहिला. ‘मी दमून आले’ हे वाक्य तिच्या परवानगीने तसंच्या तसं आलं, आणि त्यानंतर बायकांचं बोलणं आपोआप सुटत गेलं. विनोदही वाढला, कारण आता तिघा मित्रांच्या बेतांना उत्तर देणारं कोणी तरी होतं.

त्याच महिन्यात डिचोलीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. पहिल्या खर्ड्यात नायक प्लॉट विकून मोकळा होतो आणि बायकोला नंतर कळतं. त्यांनी वाचून सरळ सांगितलं, गोव्यात हे होणारच नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, मुळात १८६७ ची संहिता. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. स्थावर विकायची तर खतावर दोघांची सही हवी. माझी अख्खी गोष्ट कोसळली, आणि त्याच क्षणी तिला खरा कणाही मिळाला. आता बिचाऱ्या तिघांना विक्रीसाठी तिची सही मिळवायची होती, तीही ती बोलत नसताना. आपल्याकडे लग्नाच्या वेळी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही होते, पहिली इरादा नोंदवायला आणि मधले दिवस गेल्यावर दुसरी पक्की. लोक ‘सही झाली’ म्हणतात ते त्यालाच. म्हणून नाव ठरलं ‘तिसरी सही’. सब-रजिस्ट्रार कार्यालयातला प्रसंग, जिथे तिघे मित्र रांगेत उभे राहतात आणि कारकून कागदावरून मान वर न करता विचारतो, ‘‘बायल खंय?’’ (बायको कुठे आहे?), तो त्या भेटीतून आला.

वकीलबाईंची फी दोन हजार झाली. हा खर्च लिहायला लागण्याआधी करा. आणि खऱ्या माणसांवरून काही घेतलं असेल तर लेखी संमतीपत्र घ्या. मी चौघांकडून घेतलं. त्यात ‘संहिता वाचली, या पानांवरचा मजकूर वापरायला हरकत नाही’ एवढं स्पष्ट लिहून पानांचे क्रमांक घातले. वर्कशॉपवाल्या भाऊजींनी सही करताना पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, नको असेल तर राहू दे. त्यांनी सही केली आणि म्हणाले, ‘‘आता नीट कर.’’

जुलै २०२४ मध्ये संहितेची नोंदणी केली. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की संहिता ऑनलाइन नोंदवता येते, ते एका संध्याकाळचं काम. कॉपीराइट कार्यालयाचा अर्जही ऑनलाइनच, फॉर्म १४, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. अर्ज केला की डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रमाणपत्र हातात यायला मात्र कितीतरी महिने गेले. तोवर चॅनलना पाठवताना डायरी नंबरच लिहीत होते.

चॅनलचं सांगायचं तर ऑगस्ट ते नोव्हेंबर नुसती वाट पाहिली. एकांनी उत्तर दिलं नाही. एकांनी सांगितलं, मित्रांचा भाग ठेवा, बायकांचा कमी करा. तिथे मी थांबले. तिसरे तयार झाले. अटी अशा : निर्मिती आमच्या खर्चाने, प्रसारणानंतर अडीच लाख रुपये, लांबी ६२ मिनिटं. कराराची नऊ पानं आली. मी पैशांचं कलम तीनदा वाचलं आणि हक्कांचं कलम एकदाच. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याची गोष्ट येते. त्यांनी जीएसटी क्रमांकही मागितला होता. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, तसं घोषणापत्र दिलं की काम होतं. पॅन कार्ड मात्र हवंच, टीडीएस कापून पैसे येतात.

एकूण अंदाजपत्रक निघालं ४ लाख ८० हजार. दोन लाख माझी ठेव होती, बाकीसाठी कर्ज. कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून नवऱ्याची सही लागणार होती. मी कागद पुढे केला तेव्हा त्याने विचारलं, बुडाले तर? मी म्हटलं, तीन वर्षं हप्ते भरू, गाडी नवी घेता येणार नाही. तो रात्रभर विचार करून सकाळी सही करून गेला.

शूटिंगचे दिवस ठरवणं सगळ्यांत कठीण गेलं. गोव्यात जूनपासून पाऊस, आणि कार्तिकापासून जत्रा सुरू. आमचे सगळे नट रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटकाला. दोन जत्रांच्या मधली फट मिळाली ती १७ ते २३ जानेवारी २०२५.

परवानग्यांसाठी गोव्यात नोडल संस्था म्हणजे एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. पणजीत जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात, मॅकेनिझ पॅलेसमध्ये. एक गोष्ट ध्यानात ठेवा, २० ते २८ नोव्हेंबर २०२४ असा इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता आणि त्या दिवसांत तो सगळा परिसर महोत्सवाचा असतो. मी अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला. सोबत संहितेचा सारांश, ठिकाणांची तारीखवार यादी, माणसांची संख्या आणि प्रत्येक खासगी जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र. पोलीस ठाण्याला कळवलं. फेरीबोटीसाठी बेतीला नदी परिवहन खात्याकडे वेगळा अर्ज केला.

एका स्थानिक संस्थेच्या ना-हरकतीने मात्र जीव मेटाकुटीला आला. पत्र मिळालं, घरी येऊन पाहिलं तर वर्ष २०२४ पडलेलं. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करा म्हणाले, मग सही करणारे रजेवर, मग नाताळ. चार फेऱ्या झाल्या, पत्र ९ जानेवारीला हाती पडलं. तोवर मला झोप नव्हती. कुठलाही कागद खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. नाव, वर्ष, दिवसांची संख्या, शिक्का. आणि मगच बाजूला व्हा.

ड्रोन घ्यायचा विचार सोडून दिला. सरकारी कार्यालयात शूटिंगचं पाहायलाच नको, म्हणून सब-रजिस्ट्रारची कचेरी एका शाळेच्या ऑफिसात उभी केली, शनिवार-रविवार असे दोन दिवस, भाडं चार हजार.

तावेर्नाच्या मालकांनी जागा फुकट दिली, पण त्यांच्यामुळे एक मोठी चूकही टळली. संहितेत माझी माणसं जानेवारीत उर्राक पीत होती. ते म्हणाले, ‘‘बाय, जानेवारीत उर्राक कुठून आणलीस?’’ काजूचा हंगाम उन्हाळ्याचा, उर्राक त्याची पहिली धार, ती तेव्हाच प्यायची. मग टेबलावर फेणी आली. फेणीला रंग नसतो, त्यामुळे ग्लासात साधं पाणी चाललं. बाटल्यांवरची लेबलं झाकली, दारूचा ब्रँड दिसणं टीव्हीला चालत नाही. एका पात्राच्या हातात विडी होती, तीही काढली. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी ३० सेकंदांचे आरोग्यसंदेश, २० सेकंदांचं निवेदन, शिवाय त्या दृश्यात खाली पट्टी. ६२ मिनिटांतली शंभर सेकंदं एका विडीसाठी घालवायला माझं मन होईना. विडीच्या जागी नटाने चण्यांची पुडी धरली आणि ती त्या पात्राची ओळखच झाली.

तावेर्नातला कुत्राही असाच. तो रोज टेबलाखाली येऊन झोपायचा आणि दृश्यात इतका शोभायचा! पण चित्रपटात प्राण्याचा वापर केला की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, तिच्याशिवाय पुढे सेन्सॉरला अडतं. त्यासाठी वेळ आधी काढायला हवा होता. जड मनाने त्याला शूटिंगपुरतं मागच्या अंगणात ठेवलं. तुमच्या गोष्टीत कुत्रं, बैल, कोंबडी काहीही असेल तर हा अर्ज सगळ्यांत आधी करा.

पहिल्या दिवशी रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर सकाळी साडेसहाला उभे राहिलो. इंजिनाच्या आवाजात मित्र ओरडून सांगतो, बायको माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही, आणि तेवढ्यात फेरी धक्क्याला लागते, इंजिन बंद पडतं, शेवटचे शब्द सगळ्या फेरीला ऐकू जातात. प्रवासी अनोळखी असतील तर प्रत्येकाची लेखी संमती घेणं आलं, म्हणून आमचेच चौदा नातेवाईक प्रवासी म्हणून उभे केले. माझ्या आतेने न सांगता त्या वाक्यावर मान हलवली, ती दृश्यात आहे.

चौथ्या दिवशी, घरात, सकाळी. पतीपत्नीचं मुख्य बोलणं. सात टेक झाले, प्रत्येक वेळी काही तरी. आठव्याला सगळं नीट चाललं होतं आणि वाक्याच्या मध्यावर बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा पों-पों. साउंडवाल्या मुलाने कपाळाला हात लावला. पण माझी नटी थांबली नाही. तिने खुंटीवरची पिशवी काढली, डब्यातली चिल्लर मोजली, नवऱ्याकडे न बघता बाहेर गेली, पाव घेऊन आत आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि उरलेलं अर्धं वाक्य पुरं केलं. ‘मी दमले.’ नवऱ्याचं काम करणारा नट पावाच्या पिशवीकडे बघत राहिला. कॅमेरा चालूच होता. मी ‘कट’ म्हणायचं विसरले. दुसऱ्या दिवशी पोदेराला संहितेतलं ते पान दाखवून त्याची सही घेतली आणि मानधन दिलं.

वर्कशॉपवाले भाऊजी सहा दिवस फिरकले नाहीत. सातव्या दिवशी जनरेटर बंद पडला, संध्याकाळचा उजेड चाललेला, भाड्याने देणारे म्हणाले माणूस उद्या येईल. नवऱ्याने कोणाला फोन केला ते मी पाहिलं नाही. वीस मिनिटांत भाऊजी स्कूटरवर आले, टूलबॉक्स उघडला, माझ्याशी एक शब्द न बोलता जनरेटर सुरू करून दिला. मग शेवटचा प्रसंग संपेपर्यंत मागे उभे राहून पाहत होते.

सात दिवसांचा हिशेब असा : कॅमेरा, लाइट आणि त्यांची माणसं मिळून १ लाख ७५ हजार, बावीस जणांचं दोन वेळचं जेवण आणि चहा ६८ हजार, गाड्या ३१ हजार. जेवणात काटकसर करू नका, शीत-कडी आणि मासळीचा तुकडा वेळेवर मिळाला तर माणसं रात्री दहापर्यंत उभी राहतात.

संकलन एप्रिलपर्यंत चाललं. तावेर्नात लाउडस्पीकरवर एक जुनं नाट्यपद वाजतं असं मी लिहिलं होतं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं त्यावर हक्क असतो, आणि गीत-संगीताचा हक्क तर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. परवानगी शोधण्यापेक्षा आमच्याच वाड्यावरच्या बायकांकडून चवथीच्या फुगड्यांची गाणी गाऊन घेतली, आमच्याच माजघरात मुद्रित केली. तेच पार्श्वसंगीत झालं.

चॅनलला आणि आम्हाला गावात तिकिटाने दाखवायलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं होतं. ५ मे २०२५ ला ई-सिनेप्रमाण पोर्टलवर अर्ज भरला. भाषेच्या रकान्यापाशी एक दिवस अडले. घरात मराठी, तावेर्नात कोंकणी, अशीच आपली माणसं बोलतात. मुख्य भाषा मराठी लिहिली आणि कोंकणी संवादांचं भाषांतर वेगळं जोडलं. संपूर्ण संवाद, गाण्यांचे शब्द, सारांश हे सगळं टंकून आधीच तयार ठेवा. मी संवाद संहितेतलेच दिले होते, पण नटांनी शूटिंगला बदललेली वाक्यं तिथे नव्हती, त्यामुळे पडद्यावरून ऐकून पुन्हा टंकावे लागले. त्यात दोन आठवडे गेले.

१० जूनच्या स्क्रीनिंगसाठी थिवीहून कोकणकन्येने मुंबईला गेले. दालनात मला बसू देत नाहीत, बाहेर बाकावर बसायचं. दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. एकदाच, साधारण फेरीचा प्रसंग असावा त्या सुमारास, आतून हसण्याचा आवाज आला आणि माझे डोळे भरून आले. नंतर आत बोलावून शांतपणे सांगितलं, एक शिवी म्यूट करा, दारूचा इशारा ठळक करा. श्रेणी ‘यूए १३+’. २०२३ च्या दुरुस्तीपासून यूएचे वयानुसार तीन भाग झाले आहेत, त्यातला हा मधला. बदल करून पाठवले, प्रमाणपत्र २४ जूनला आलं.

१७ ऑगस्ट, रविवार, रात्री साडेआठ. आमच्या सोप्यावर टीव्ही बाहेर काढला होता. पेडण्याहून ती आली होती, आईबरोबर, आणि मागच्या रांगेत बसली. भाऊजी पुढे. संपल्यावर ती त्यांच्याजवळ गेली, दोघे अंगणात बोलत उभे होते. काय बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी विचारलेलं नाही. त्या दिवशी ती आईबरोबरच पेडण्याला परत गेली.

पैसे सप्टेंबरच्या शेवटी आले, टीडीएस कापून. गावातल्या दोन खेळांचे ५२ हजार झाले. म्हणजे अजून १ लाख ८० हजारांच्या आसपास फिटायचे आहेत, हप्ते चालू आहेत.

बोटीवरचे भाऊजी प्रसारणाच्या दिवशी समुद्रात होते. त्यांना पेनड्राइव्हवर पाठवावं म्हटलं तर ते हक्कांचं कलम आडवं आलं. तीन वर्षं, सर्व माध्यमं, कोणत्याही स्वरूपातली प्रत. सही माझीच. एका प्रतीसाठी चॅनलला पत्र लिहिलं, कारण लिहिलं, नाव लिहिलं. नऊ दिवसांनी होकार आला, आणि त्यांच्या कंपनीत रुजू व्हायला निघालेल्या एका मुलाबरोबर पेनड्राइव्ह गेला. करार करताना ‘कलाकार व कुटुंबीयांसाठी खासगी प्रती’ एवढे शब्द घालून घ्या, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही.

भाऊजी ६ नोव्हेंबरला घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन. ‘‘वाजवली हो बेल! मी आतून ओरडले, चावी आहे ना, टीव्हीवर पाहूनसुद्धा? तर म्हणाले, चावीने उघडलं तर दारात तू नसतेस.’’

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि तिला लगेच विचारलं, हे कुठे लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, त्यांना विचारून सांगते. काल दोघांचा होकार आला.